मामी अनवाणी, मी बुटात

चप्पल

माझं आजारपण चपलेपासून सुरू झालं. दुकान बंद करून घरी आलो, जिना चढलो, तर दारात उभी असलेली बायको, वर्षा, म्हणाली, "एकच चप्पल घालून कुठून आले?" खाली पाहिलं. डावा पाय उघडा. चप्पल खाली मधल्या पायरीवर पडली होती आणि मला तिचा पत्ताच नव्हता.

मी चपलेला दोष दिला. दुसऱ्या दिवशी ती नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाजवळ, भर रस्त्यात निसटली. मागून येणाऱ्या कॉलेजातल्या मुलीने ती दोन बोटांत धरून आणून दिली, "काका, तुमची आहे का?" मला इतकी लाज वाटली की मी लगेच नवी जोडी घेतली. ती उजव्या पायातून निसटली.

हे एवढं रंगवून सांगतोय त्याला कारण आहे. तुमची चप्पल अशी नकळत निसटत असेल, पाय गादीवर ठेवल्यासारखा वाटत असेल, तर नवी चप्पल घेऊ नका. डॉक्टरकडे जा. मी ते मोलाचे दोन दिवस चपलांच्या दुकानात घालवले.

माझं चष्म्याचं छोटं दुकान आहे. दांडीचा तीळभर स्क्रू बसवायचा, हे माझं आयुष्यभराचं काम. तिसऱ्या दिवशी तो स्क्रू चिमटीत धरता येईना. गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी टेबलाखाली रांगत स्क्रू शोधतोय, आणि शोधून झाल्यावर कळलं की मला उठता येत नाही. गिऱ्हाइकाला चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं, म्हणून त्याने बराच वेळ माझी वाट पाहिली.

हातोडी

डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता, उडाला नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी तो मुद्दाम उडवायला गेलो. तेवढंही जमलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मी चपलेला दोष देणं सोडलं.

"गेल्या पंधरवड्यात ताप आला होता? पोट बिघडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो जी," वर्षा म्हणाली. "माझ्या आईकडे जेवायला गेलो होतो. तिकडून आल्यावर यांना जुलाब लागले. पण आपोआप थांबले."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आजाराचं नाव जीबीएस. पोटाच्या किंवा तापाच्या दुखण्यानंतर कधी कधी शरीराची संरक्षणाची फौज चुकते आणि आपल्याच नसांवर चालून जाते. बहुतेक लोक बरे होतात, वेळ लागतो. आणि मग ते म्हणाले, "नेमकं कशानं झालं हे कोणीच सांगू शकत नाही. ते शोधत बसू नका."

यातलं पोटाचं वाक्य वर्षाच्या डोक्यात बसलं. शेवटचं कोणाच्याच बसलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आजाराची गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागते. वर्षा ती सांगायची आणि तिची गोष्ट दर वेळी एकाच वाक्याने सुरू व्हायची: "काय नं, आम्ही आईकडे रोडगे खायला गेलो होतो." अतिदक्षता विभागाच्या काचेआडून मला तिचे फक्त ओठ दिसायचे. पण त्या वाक्याला तिचा हात जसा हलायचा, त्यावरून मला कळायचं की आता रोडगे आले.

रोडगे म्हणजे आमच्या विदर्भाचं रानातलं जेवण. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, तुपात कुस्करायचे, वर वरण आणि वांग्याची भाजी. मामींच्या हातचे रोडगे खाऊन मी आजवर आजारी पडलो असेन तर ते फक्त जास्त खाल्ल्याने.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई.

माफी

पायातून आजार वर चढत छातीपर्यंत आला आणि तिथे थांबला. श्वासाचं यंत्र लावायची तयारी झाली होती, लावावं लागलं नाही. भीतीबद्दल एवढंच सांगतो की ती सारखी नसते. नाकाला खाज सुटली आणि हात उचलत नाही, ती भीती मला छातीच्या भीतीपेक्षा मोठी वाटली. वॉर्डातल्या एक मावशी लादी पुसता पुसता थांबायच्या, न सांगता माझं नाक खाजवायच्या आणि पुढे जायच्या. त्यांच्याइतकं कोणाचंच मी देणं लागत नाही.

बाकी सगळा वेळ मी माफी मागत होतो. सुई टोचणाऱ्या सिस्टरची, मला कुशीवर वळवणाऱ्या दोघांची, अंगठा हलला नाही म्हणून फिजिओथेरपीच्या मुलीची. ती रोज म्हणायची, "काका, अंगठा हलवा." सगळं घर माझ्या अंगठ्याकडे बघत बसायचं आणि मी ओशाळून आढ्याकडे. वर्षा सकाळी दवाखान्यात, दुपारी दुकानात, संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात. मी तिचीही माफी मागितली. ती म्हणाली, "सॉरी म्हणायचे पैसे लागत असते तर तुम्ही केव्हाच गप बसले असते."

आमच्या या गोष्टीत वर्षा अशी चटचट बोलते आणि मी मनातल्या मनात. लग्नापासून तसंच आहे.

भांडं

आता मामींबद्दल. मामी सत्तरी ओलांडलेल्या. नागपूरच्या उत्तरेला, डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात त्यांचं गाव आहे. तिथे त्या मुलाकडे, म्हणजे माझा साळा रमेश आणि त्याची बायको मंगला यांच्याकडे असतात. इतक्या वर्षांत त्या माझ्यासमोर कधी बाजेवर बसल्या नाहीत. मी खोलीत आलो की पदर डोक्यावर, नजर उंबऱ्यावर. बोलायचं असेल तर दाराआडून. पण जेवायला बसलो की त्याच दाराआडून हुकूम सुटायचा: "मंगला, जवाईबापूच्या ताटात काहीच नाई दिसून राहिलं." ताटात तेव्हा दोन रोडगे असायचे.

माझी वॉर्डात बदली झाल्यावर त्या सोबतीला येऊन राहिल्या. स्टुलावर बसायच्या, पण भिंतीकडे तोंड करून. आल्यागेल्याला वाटायचं म्हातारीला पेशंटचा राग आला आहे.

एका दुपारी वर्षा औषधं आणायला खाली गेली. लघवीची नळी सकाळीच काढली होती. हात अजून खांद्यापासून लोंबत होते. आणि मला लागली. मी धीर धरला, आढ्यावरचे पंखे मोजले. शेवटी म्हणालो, "मामी, सिस्टरला बोलवता का?"

त्या गेल्या. दारातूनच मला सिस्टरचा आवाज ऐकू आला, "आजी, भांडं पलंगाखाली आहे, तुम्हीच लावा ना. मी इथे इंजेक्शन देतेय."

मामी परत आल्या. वाकल्या, भांडं काढलं. पदर ओढून नाकापर्यंत आणला, डोळे घट्ट मिटले आणि चादरीखाली भांडं सरकवलं. अंदाज चुकला. त्या चाचपडतायत, मी घामाघूम. आणि मग मला ते वाक्य बोलावं लागलं, जे जगातल्या कुठल्याही जावयाने सासूला बोललं नसेल.

"मामी, थोडं डावीकडे."

काम झालं. त्यांनी भांडं रिकामं केलं, धुतलं, जागेवर ठेवलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी वर्षा येईपर्यंत पुन्हा पंखे मोजले. मी माफीसुद्धा मागितली नाही. आयुष्यात एकदा खरी गरज होती, तेव्हाच नेमकी सुचली नाही.

संध्याकाळी रमेश आला. मामी त्याच्यासोबत गावाला निघून गेल्या आणि पुन्हा दवाखान्यात आल्या नाहीत.

पाण्याची बाटली

मी बरा होत गेलो. आधी अंगठा हलला, वॉर्डात पेढे वाटले गेले. मग वॉकर, मग काठी, मग भिंतीचा आधार. दुकानात परतलो तर वर्षा माझ्यापेक्षा सफाईने स्क्रू बसवत होती. गिऱ्हाइकं आत येऊन विचारायची, "मॅडम नाहीत का?"

मामी मात्र आमच्या घरी येईनात. पूर्वी महिन्याकाठी एक चक्कर ठरलेली. आता कधी गुडघे, कधी मंगलाची तब्येत, कधी तूर काढायची आहे. आम्ही गावाला गेलो तर त्या मागच्या अंगणात. जेवण मंगलाने केलेलं, मंगलाने वाढलेलं. दाराआडून हुकूम नाही. माझ्या ताटाशेजारी दुकानातून आणलेली सीलबंद पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा. मी तांब्याकडे हात नेला तर मंगला म्हणाली, "आत्यानं तुमाले बाटलीच द्या म्हणून सांगतलं." मंगला सासूला आत्या म्हणते.

मला ते लागलं. मी हिशेब मांडला तो असा: ज्या बाईने कधी नजर वर केली नाही, तिच्या हातात मी ते भांडं दिलं. तिला आता माझी किळस आली आहे, किंवा लाज, आणि दोन्हींचं कारण मीच. वर्षाला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही अंमळ जास्तच विचार करता. ती म्हातारी झाली, बस." पण बाटली बाटलीच होती.

मग यंदा होळीनंतर रमेशचा फोन आला. "भाऊजी, आईची फेरी हाय. तुमच्या नावाची. आमी नाई म्हणून राहिलो त ऐकूनच नाई राहिली."

फेरी

त्यांच्या गावाचं खोरं परातीसारखं आहे. मधे शेतं, भोवती टेकड्या. काठाकाठाने झाडांखाली शेंदूर लावलेले देव आहेत. वसंतात, गव्हाची कापणी आटोपली की ज्यांचा नवस असेल ते त्या सगळ्या देवांवरून गोल फेरी घालतात आणि निघालेल्या जागी, मारुतीच्या पारावर परत येतात. नियम तीन. अनवाणी चालायचं. फेरी पुरी होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. आणि अर्ध्यातून मागे फिरायचं नाही. पाय दुखला तरी पुढूनच घरी यायचं.

मी अतिदक्षता विभागात होतो तेव्हा मामींनी बोलून ठेवलं होतं: जावई आपल्या पायाने चालले तर मी फेरी घालीन.

माझा नवसांवर विश्वास नाही. मला औषधांनी आणि त्या अंगठेवाल्या मुलीने बरं केलं. पण माझ्या पायांसाठी एक म्हातारी डोंगर चढणार आणि मी नागपूरला पंख्याखाली बसणार, हे मला सोसलं नाही. शिवाय फिजिओच्या मुलीने म्हटलंच होतं, काका आता उंचसखल जागी चाला. म्हणून मी सोबत जायचं ठरवलं. मला अनवाणी चालायची मात्र डॉक्टरांची बंदी. तळवे अजून बधिर आहेत, काटा घुसला तरी कळत नाही. तेव्हा चित्र असं होतं: नवस फेडणारी मामी अनवाणी, आणि ज्याच्यासाठी नवस तो जाड तळाच्या, निळ्या पट्ट्यांच्या बुटात. पाठीला वर्षाने भरून दिलेली पिशवी. पाणी, संत्र्याच्या वासाची ग्लुकोजची पावडर, टोपी, बँडेज. वर्षा आणि मंगला पाराजवळ रोडग्यांची तयारी करायला थांबल्या. रमेश गावातल्या चौघांसोबत पुढे निघाला. आम्ही दोघं हळू चालणारे, मागे राहिलो.

ऊन कोवळं होतं. पळस उतरणीला लागला होता, वाटेवर त्याच्या फुलांचा सडा, वाळून काळपट झालेला. मोहाची फुलं टपटप पडत होती आणि सगळ्या खोऱ्यात तो गोडसर, जड वास. कुसुमाच्या झाडांना लालभडक पालवी. खाली नाल्यात डबकी उरली होती, त्यांत आभाळ. मी हे सगळं मन लावून बघत होतो, कारण दुसरीकडे बघितलं तर मामींचे पाय दिसायचे. भेगाळलेले, मुरमावरून जपून पडणारे. माझे बूट त्यांच्या मागून कुरकुर करत यायचे. एका चढावर मी बूट काढायला वाकलो.

"घाला ते," मामी मागे न बघता म्हणाल्या. "मी काय आंधळी हाय?"

पहिल्या देवाशी त्यांनी ओटीतून मोहाचं फूल काढून दगडावर ठेवलं, मग देवापुढचं एक उचलून कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं.

"मामी, उपास ना?"

"परसाद हाय तो. परसादानं फेरी मोडत नाई."

एवढंच बोलणं. मग पुन्हा चाल. भांड्याचा विषय काढावा असं मी प्रत्येक वळणावर ठरवलं आणि प्रत्येक वळण संपलं.

वरच्या देवाजवळ

चढाची वाट संपते तिथे एका मोठ्या मोहाखाली वरचा देव आहे. तिथून सगळं खोरं दिसतं. पारावरचा धूरही दिसत होता, म्हणजे गोवऱ्या पेटल्या होत्या. मी वळून म्हणालो, "मामी, अर्धं झालं." तर त्या झाडाला टेकून बसल्या होत्या. चेहरा घामाने निथळत होता, हात थरथरत होते.

"काय होतंय?"

"काही नाई रे दिलीप. बस नं जरासा. कायले उभा राह्यला?"

मी घाबरलो. मला नावाने हाक मारली, आणि तीही अरेतुरेत. त्यांना साखरेचा आजार आहे हे आठवलं.

"मामी, सकाळी गोळी घेतली का?"

"घेतली नं. डॉक्टरनं सांगतलं, गोळी चुकवू नका."

"आणि खाल्लं काय?"

"उपास हाय नं."

गोळी चुकवायची नाही आणि उपासही चुकवायचा नाही. दोन्ही आज्ञा मामींनी मनापासून पाळल्या होत्या, आणि साखर तळाला गेली होती. मी पिशवी उलटी केली, ग्लुकोजचा डबा काढला. "हे खा आधी."

त्यांनी तोंड फिरवलं. "नाई. फेरी मोडते."

"मोडू द्या."

"मोडू द्या कसं? तुमच्या नावाची हाय." त्या धापा टाकत बोलत होत्या. "पयलेच माह्या हातानं तुमाले इख गेलं. आता फेरी मोडून अजून काही झालं मंजे? माही वर्षा काय करन?"

"कसलं विष?" मी विचारलं.

"रोडगे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दवाखान्यात वर्षा हरेकाले सांगून राहिली होती. आईकडे रोडगे खाल्ले अन् मंग झालं. गावाले निघालो त्या सांजी मी तिथंच बाकड्यावर होतो. आयकलं सारं. तवापासून तुमच्या ताटाले हात लावला नाई मी. पाणी बी बाटलीतलं द्याले सांगतो."

म्हणजे बाटली त्यासाठी होती. मी इतके महिने माझ्या अपराधाची उजळणी करत होतो आणि त्या त्यांच्या. दोघांनी एकमेकांना चुकवायला किती कारणं शोधली.

"मामी, त्या दिवशी सगळ्यांनीच ते रोडगे खाल्ले होते. रमेशला काही झालं? वर्षाला? डॉक्टर म्हणाले, कशाने झालं ते कोणालाच सांगता येत नाही."

"वर्षानं त सांगतलं."

"वर्षाने अर्धं सांगितलं." आणि मग, थांबलो असतो तर कधीच बोललो नसतो म्हणून, मी म्हणून टाकलं, "मला वाटलं तुम्ही त्या भांड्यामुळे येत नाही."

"कोनतं भांडं?"

"दवाखान्यातलं. मी तुम्हाला लावायला सांगितलं, ते."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. थेट, तोंडावर, लग्नानंतर पहिल्यांदा. "अवो, सासरा अंथरुनावर होता त सारं मीच केलं. चार लेकरं वाढवली. भांड्याचं काय घेऊन बसले तुमी?"

"मग डोळे कशाला मिटले होते?"

"तुमाले लाज वाटू नये म्हणून."

त्यांचे ओठ पांढरे पडत चालले होते. रमेशला हाक मारली, ती टेकडीला लागून परत आली. मोबाईलला रेंज नाही. डबा माझ्या हातात आणि मामींचे दात आणि डोळे घट्ट मिटलेले. तेव्हा मला पहिल्या देवाजवळचं फूल आठवलं.

मी ग्लुकोजचा डबा उघडला, चमचाभर पावडर शेंदूर लावलेल्या दगडापुढे ठेवली, हात जोडले. नवसावर विश्वास नसलेल्या माणसाने इतक्या कळकळीने हात जोडलेले त्या देवाने कधी पाहिले नसतील.

"मामी, नैवेद्य दाखवला. आता हा प्रसाद."

त्यांनी एक डोळा उघडला. "संतऱ्याच्या वासाचं देवाले चालते का?"

"नागपूरचा देव आहे. त्याला नाही चालणार तर कोणाला?"

त्या हसल्या का ते नीट कळलं नाही, पण तोंड उघडलं. त्यांचे हात थरथरत होते म्हणून भरवणं माझ्याकडे आलं. माझी बोटं अजून बारीक कामाला तयार नाहीत. पहिला चमचा हनुवटीवर सांडला, दुसरा पदरावर. मामींनी संकोचाने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि मी नेम धरत होतो.

"थोडं डावीकडे जी, जवाईबापू," मामी म्हणाल्या.

जवाईबापू म्हटलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. साखर वर यायला लागली होती.

पारावर

आम्ही बराच वेळ तिथे बसलो. मी आणखी दोनदा देवाला ग्लुकोजचा प्रसाद चढवला आणि दोनदा मामींना दिला. तरतरी आल्यावर त्यांनी मला वरून खोरं दाखवलं. तो बांध आपला, ती विहीर आपली, त्या आंब्याखाली वर्षा लहानपणी पडली होती, तेव्हापासून बोलायची थांबली नाही. मग उतरणीला लागलो. आता त्या माझ्या दंडाला धरून चालत होत्या. वाटेत रमेश आम्हाला शोधत उलटा येताना दिसला, तर मामींनी लांबूनच दरडावलं, "मांगं काहून फिरला गा? फेरी मोडली नं तुही."

"माही कुठं होती, तुहीच होय," तो म्हणाला.

पारावर पोहोचलो, गोल पुरा झाला. मामींनी मारुतीपुढे डोकं टेकलं. मंगलाने ताटं मांडली होती. माझ्या ताटाशेजारी बाटली होतीच. मी बसलो. रोडगा आरातून नुकताच काढलेला, वाफ येत होती. मी तो कुस्करायला हात घातला तर वर्षा ओरडली, "हात भाजन! तुम्हाला कळत नाही ना अजून." खरंच कळत नव्हतं.

मामी उभ्या होत्या, जरा लांब. त्या नळावर गेल्या, साबणाने हात धुतले. परत आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा धुतले. मग माझ्यासमोर खाली बसल्या, पदर नीट केला आणि रोडगा कुस्करायला घेतला. तूप सोडलं, वरण ओतलं, वांग्याची भाजी वाढली.

मी पहिला घास घेतला. सगळा पार माझ्या तोंडाकडे बघत होता, वॉर्डात अंगठ्याकडे बघायचे तसा. "मंगला," मामी म्हणाल्या, "अजून एक आन. ताटात काहीच नाई दिसून राहिलं." मी बाटली बाजूला सारून तांब्यातलं पाणी प्यायलो.

फोन

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला माझं पोट बिघडलं.

ऊन लागलं असेल. दुप्पट खाल्लं होतं. तांब्यातलं पाणी असेल, किंवा काहीच नसेल. पण ज्याला एकदा तसं झालंय त्याला विचारा, त्या सकाळी काय वाटतं ते. मी पायाची बोटं हलवून पाहिली. चिमटीत स्क्रू धरून पाहिला. आणि घरातल्या घरात चप्पल घालून या खोलीतून त्या खोलीत फिरलो, खाली बघत. वर्षा हातात साखरमिठाचं पाणी घेऊन माझ्या मागे मागे, तीही खाली बघत.

तेवढ्यात फोन वाजला. मामी कधी फोन करत नाहीत, मंगलाकडून लावून घेतला होता.

"पोट बरं हाय नं, जवाईबापू?"

मी बाथरूमच्या दाराला टेकून उभा होतो. वर्षाने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता ही फोन हिसकावणार आणि सुरुवातीपासून सांगणार.

"एकदम बरं आहे," मी म्हणालो.

"खरं नं?"

"खरं."

पलीकडे मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "मंग येत्या आयतवारी येतो मी तिकडं. माह्या हातची डाळभाजी करून आनतो."

खोटं बोललो याचं मला वाईट वाटतं. अजून वाटतं. दोन दिवसांत पोट ताळ्यावर आलं, पाय जागच्या जागी राहिले, तरी वाटतं. त्या सकाळी मात्र मी वर्षाकडे पाहिलं. व्हरांड्यातल्या प्रत्येकाला गोष्ट सांगणाऱ्या वर्षाने तोंडावर बोट ठेवलं होतं. मी खाली पाहिलं. दोन्ही चपला पायात होत्या.

"या," मी मामींना म्हणालो. "आणि जरा जास्तच आणा."